ग्रॅफाइटच्या हत्यारांची दुरुस्ती (काचमणी काम)

बर्नरच्या ज्योतीवर काच वितळवून मणी घडवताना ग्रॅफाइटची पाटी, साचे आणि टोकदार दांडे वापरतात. ही हत्यारे तुटली, टवके उडाले किंवा मुठीतून निसटली, तर त्यांना पुन्हा कामाजोगे करणे म्हणजे ही दुरुस्ती. तिचा भर सांधण्यावर कमी आणि घासून नव्याने आकार देण्यावर जास्त असतो.

सळईवर गुंडाळलेली मऊ काच पाटीवर लाटली की मणी गोल किंवा दंडगोल होतो. वितळलेली काच ग्रॅफाइटला सहसा चिकटत नाही आणि अचानक तापल्या-निवल्याने ग्रॅफाइट तडकत नाही, म्हणून या कामात त्याला मान. पण तो ठिसूळ आहे. सिमेंटच्या फरशीवर पडला की कोपरा गेलाच म्हणून समजावे. दुसरा शत्रू म्हणजे ज्योत. साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपासून ग्रॅफाइट हवेत हळूहळू जळू लागतो, पृष्ठभाग खरबरीत होतो, बारीक खड्डे पडतात. बर्नरवरच बसवलेल्या पाटीला हा त्रास अधिक. जळून गेलेले परत भरता येत नाही; खड्ड्यांच्या तळापर्यंत घासणे एवढाच इलाज.

आधी चीर शोधावी. तुकडा बोटांत हलकेच लोंबता धरून लाकडाने टिचकी मारली तर अखंड तुकडा खणखणतो, चिरलेला बद्द वाजतो. खात्री नसेल तर पृष्ठभागावर पाणी पुसून पाहावे: बाकीचा भाग सुकला तरी चिरेची रेघ काही वेळ ओली, काळी दिसत राहते. मधोमध चीर गेलेली पाटी वाचवत बसू नये. चिरेवरच कापून दोन लहान पाट्या कराव्यात. धातूकामाची साधी करवत पुरते.

सपाट तोंड घासायला जाड काचेच्या तावदानावर सिलिकॉन कार्बाइडचा पॉलिश पेपर पसरतात आणि पाटी पालथी धरून इंग्रजी आठच्या आकारात फिरवतात. हातात पेपर धरून घासले तर कडा गोल होतात आणि पाटी पाटी राहत नाही. खोल ओरखड्यांना २२० नंबर, मग ४००, ६०० आणि १०००. शेवटी कोऱ्या कागदावर घोटले की चकाकी येते. पेपरवरचे सिलिकॉन कार्बाइड आणि कृत्रिम ग्रॅफाइट, दोन्हींच्या उत्पादनामागे एकच माणूस आहे, हा गमतीचा योग: अमेरिकेतील एडवर्ड अॅचेसन याने पहिल्याचे पेटंट १८९३ मध्ये आणि दुसऱ्याचे १८९६ मध्ये घेतले. ओले घासल्यास भुकटी उडत नाही, पण ग्रॅफाइट सच्छिद्र असल्याने पाणी पितो. शंभर अंशांच्या थोडे वर तापवून तो पूर्ण सुकवल्याशिवाय गरम काचेला लावू नये.

चिकटवण्याचा मोह सगळ्यांना होतो. झटपट चिकटणारा गोंद उष्णतेने सुटतो आणि त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो. साधे इपॉक्सीही काचेजवळच्या तापमानाला टिकत नाही. सोडियम सिलिकेटमध्ये ग्रॅफाइटची पूड कालवून केलेला लेप उष्णता सोसतो, पण तो शेवटी काचेचाच भाऊबंद, त्यामुळे सांध्याच्या रेघेवर मणी चिकटू शकतो. असे लेप मुठीकडच्या बाजूलाच ठीक.

मुठीचा सांधा ही दुखरी जागा. पितळ तापल्यावर ग्रॅफाइटपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते. भोकात गच्च बसवलेला पितळी स्क्रू गरम झाला की पाटी आतून फाडतो. आटे गेले असतील तर जुन्या भोकाशी झटापट न करता शेजारी नवे भोक पाडावे, जाड आट्यांचा स्क्रू वॉशर घालून किंचित सैल बसवावा. ग्रॅफाइटला साधा ड्रिल बीट चालतो, फक्त जोर लावायचा नाही. मुठीत अडकलेला दांड्याचा तुकडा थोड्या बारीक बीटने पोखरला की उरलेले कवच चुरून बाहेर पडते. दांड्याला नवे टोक पेपरवर फिरवून काढतात. बारीक दांड्याला पेन्सिलचे शार्पनरसुद्धा चालते.

खाचा असलेल्या साच्याचे मात्र अवघड. दोन्ही तोंडे घासली की खाच उथळ होते आणि मणी बारीक निघतो.

ग्रॅफाइटची भुकटी वीजवाहक असते. ती भट्टीच्या कंट्रोलरमध्ये किंवा यंत्राच्या मोटरमध्ये शिरली तर शॉर्ट होऊ शकतो, म्हणून घासकाम वेगळ्या जागी, मास्क लावून करतात. हात न धुता पांढऱ्या काचेला स्पर्श केला तर मण्यात काळे ठिपके उमटतात.

बदली तुकडा हवा असेल तर पोलाद भट्टीच्या इलेक्ट्रोडचे भंगार स्वस्त पडते, पण त्याचे कण मोठे, त्यांचा ठसा काचेवर उठतो. टूलरूममध्ये (साचे-हत्यारे बनवणाऱ्या कारखान्यात) स्पार्क इरोजन यंत्रावर, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्या यंत्रावर, वापरून टाकलेले बारीक कणांचे ठोकळे मिळाले तर तेच घ्यावेत.