ड्रॉप शॉट (स्क्वॉश) : वेळ आणि हुलकावणी

चेंडू समोरच्या भिंतीवर टिनच्या जेमतेम वर हलकेच टेकवून कोर्टच्या पुढच्या भागातच मारून टाकण्याचा स्क्वॉशमधील फटका. टिन म्हणजे त्या भिंतीच्या तळाची पट्टी. तिला चेंडू लागला की गुण गेला. तिची नेहमीची उंची 48 सेंमी. व्यावसायिक पुरुषांच्या सामन्यांत ती 43 सेंमी असते आणि 2015 पासून महिलांच्या व्यावसायिक सामन्यांतही तेवढीच आहे. टिन खाली आल्याने ड्रॉपची धार वाढली.

हाताची नजाकत हवीच, पण ड्रॉप यशस्वी होतो की नाही हे मारणाऱ्याच्या पाठीमागे ठरते. प्रतिस्पर्धी ‘टी’वर, म्हणजे कोर्टच्या मध्याशी, सावरून उभा असेल तर चांगला ड्रॉपही तो दोन-तीन ढांगांत गाठतो. म्हणून आधी खोल ड्राइव्ह, म्हणजे कोर्टच्या मागच्या भागात जाणारा जोरदार फटका, मारून त्याला मागच्या कोपऱ्यात ढकलायचे आणि परतीचा चेंडू आखूड आला की ड्रॉप टाकायचा. मागच्या भिंतीजवळून टाकलेला ड्रॉप पुढे पोहोचेपर्यंत समोरच्याला धावायला भरपूर वेळ मिळतो. तिथून तो क्वचितच टाकावा. चेंडूचे तापमानही पाहावे लागते. लांबलेल्या रॅलीत, म्हणजे एका गुणासाठीच्या फटक्यांच्या देवाणघेवाणीत, रबर तापून चेंडू जास्त उसळतो, थंड चेंडू मात्र दुसऱ्या टप्प्यालाच मरतो.

हुलकावणीचे मर्म थांबण्यात आहे. खेळाडू चेंडूपाशी लवकर पोहोचतो, गुडघे वाकवतो, खांदा वळवतो, रॅकेट वर नेतो आणि क्षणभर तसाच राहतो. इथवरची तयारी ड्राइव्हची आणि ड्रॉपची अगदी एकच असली पाहिजे. फटक्याच्या सुमारास प्रतिस्पर्धी जागच्या जागी छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरतो, म्हणजे कुठल्याही दिशेला सुटता येते. फटका त्या उडीनंतर पाव सेकंद उशिरा आला, तर टाचा टेकलेल्या असतात, अंगातला वेग ओसरलेला असतो आणि त्याला नव्याने सुरुवात करावी लागते. ड्राइव्हच्या धास्तीने तो मागे झुकला असेल, तर रॅकेटचा चेहरा, म्हणजे तारांची बाजू, किंचित वर उघडून, हात आखडता घेऊन चेंडू पुढे सोडायचा. नवशिके इथेच फसतात: ड्रॉप मनात येताच ते ताठ उभे राहतात, रॅकेट अर्धवटच उचलतात आणि मागच्याला सगळे कळते.

उलटा डावही तितकाच जुना आहे. ड्रॉपचा आव आणून प्रतिस्पर्ध्याला पुढे खेचायचे आणि मनगटाच्या झटक्याने चेंडू खोल धाडायचा. कॅनडाचा जोनाथन पॉवर अशा चकव्यांसाठी ख्यातनाम होता. 1998 मध्ये तो जगज्जेता झाला आणि 1999 मध्ये जागतिक क्रमवारीत पहिला आला. 2003 ते 2009 दरम्यान चार जागतिक विजेतेपदे मिळवणाऱ्या इजिप्तच्या अम्र शबानाचे थांबणे मात्र मला अधिक सुंदर वाटते. त्यात दिखाऊ हालचाल जवळपास नसेच.

ड्रॉप टाकून जागीच रेंगाळणे महागात पडते. प्रतिस्पर्ध्याला चेंडूपर्यंत सरळ वाट द्यावी लागते, नाहीतर त्याला ‘लेट’ (रॅली पुन्हा खेळणे) किंवा थेट ‘स्ट्रोक’ (गुणच) मिळतो. चकून चुकीच्या दिशेला गेलेल्या खेळाडूचाही नियमांत विचार आहे: तो सावरून चेंडू परतवू शकला असता आणि वाटेत अडथळा आला, तर त्याला लेट मिळतो, त्याचा फटका विजयी ठरला असता, तर स्ट्रोक.