पेटीवरच्या ‘देवगड’मधला व

आंब्याच्या पेटीवर पत्र्याचा छाप ठेवून रंगवलेलं ‘देवगड’ बघितलंय ना, त्यातला व नीट बघा, पोटातला गोळा बारीक पट्टीने बाहेरच्या रेषेला बांधलेला असतो, नाहीतर पत्रा कापतानाच तो गळून पडणार. स्क्रीन प्रिंटिंगची, म्हणजे जाळीतून रंग दाबून छापायची, गोष्ट मला तरी या पट्टीपासूनच सुरू झाल्यासारखी वाटते.

जपानमधे काटागामी म्हणून कागदी छाप होते. तुतीच्या जातीच्या झाडाचा कागद, त्याचे थर कच्च्या पर्सिमन फळाच्या रसाने चिकटवायचे म्हणजे कागद ओला झाला तरी फाटत नाही, आणि नक्षीतले सुटे तुकडे धरायला पुढे रेशमाचे धागे बसवायला लागले. त्यातून रंग नाही, तांदळाची खळ लावायचे, मग कापड निळीत रंगवायचं, खळ धुतली की खाली पांढरं. (तांदूळ आपल्याकडे पण होता, आपण घावणे केले.)

धाग्यांच्या जागी अख्खी जाळीच आली की पट्टीची गरज संपते. 1907 साली मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने रेशमी जाळीच्या छपाईचं पेटंट घेतलं. नंतर रेशीम जाऊन पॉलिस्टर आलं, 1963 मधे स्टॉर्क कंपनीचं फिरत्या गोल जाळीचं रोटरी मशीन आलं, आणि जाळीचा ठसा दिसू नये, रंगावर रंग चढू नये म्हणून सगळ्यांनी जीव काढला. आता आपण मुद्दाम मोठ्या भोकांची जाळी घेतो, स्क्वीजी (जाळीवरून रंग ओढायची रबरी पट्टी) अर्धवट ओढतो आणि त्याला टेक्श्चर म्हणतो, गंमतच आहे.

लेयरिंगचं, म्हणजे थरावर थर छापण्याचं, खरं गणित मात्र रंगाच्या पेस्टमधे आहे. पिगमेंट, म्हणजे न विरघळणारी रंगाची पूड, बाईंडर या चिकवणाऱ्या द्रव्याच्या जोरावर कापडाच्या वर बसतो, तीन थर दिले की टीशर्ट पुठ्ठ्यासारखा. 1956 मधे रिअॅक्टिव्ह रंग आले ते थेट सुताशी जोडले जातात, पण पेस्ट घट्ट करायला पिठाची खळ घातली तर रंग त्या खळीलाच चिकटतो, कारण पिठातला स्टार्च आणि सूत एकाच घरातले. म्हणून अल्जिनेट वापरतात, रंग त्याला धरत नाही, धुतलं की निघून जातं आणि थरावर थर देऊनही कापड मऊ राहतं. हे अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळातून काढतात, आणि तसलं शेवाळ ओहोटीला कालवं काढायला गेलं की आपल्या खडकांवर पायाखाली येतं.

गेल्या श्रावणात पंच्यांवर निळे मासे छापले, वर पिवळा द्यायचा म्हणजे हिरवा मिळतो, पण त्या हवेत निळा सुकेचना आणि मला घाई. पिवळ्याच्या जाळीला खालून ओला निळा लागला आणि पुढच्या पंच्यावर न छापलेला अर्धा मासा उमटला. मला तोच आवडला. वहिनीने बाकीचे चार ओटा पुसायला घेतले.