डार्टमूरची गोल घरं: कुदळीकडून टेपकडे

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हनमध्ये, डार्टमूर नावाचं ग्रॅनाइटचं उजाड पठार आहे. तिथल्या डोंगरउतारांवर गवतात अर्धवट बुडालेली दगडांची कडी दिसतात. गुडघ्याएवढी उंच, आतून काही पावलं रुंद, एका बाजूला दाराची फट. ही कांस्ययुगातल्या घरांची जोती. आजवर अशी सुमारे ५,००० नोंदली गेली आहेत. वर वासे आणि शाकारलेलं निमुळतं छप्पर असायचं, ते कधीच कुजून गेलं.

एवढी घरं टिकली ती कुणी जपली म्हणून नव्हे. इ.स.पू. १००० च्या आसपास हवा गार आणि ओली होत गेली, माळ पाणथळ झाले, वरच्या अंगाची वस्ती उठली आणि पुढे तिथे नांगर क्वचितच फिरला. नंतरच्या काळात कथिल शोधणारे आणि गडगे घालणारे शेतकरी हाताशी आले ते दगड उचलून घेऊन गेले, पण सगळेच उचलण्याची गरज कुणाला पडली नाही.

यातलं सगळ्यात गाजलेलं ठिकाण ग्रिम्सपाउंड. सुमारे ४५० मीटर उंचीवर, हुकनी टॉर आणि हॅमेलडाउन यांच्या मधल्या खोलगट जागी जाड दगडी तट आणि त्याच्या आत २४ घरं. रिचर्ड पोलव्हील या पाद्र्याने १७९७ मध्ये हे नाव प्रथम लिहून ठेवलं. तो काळ असा, की जुना दगड दिसला की तो ड्रुइड या प्राचीन केल्ट पुरोहितांच्या खात्यावर मांडून मोकळं व्हायचं. १८२९ मध्ये शिलिबीअर यांनी जागेचा नकाशा काढला. तट पाहून काहींना हा किल्ला वाटला. पण दोन्ही टेकड्यांवरून आतलं सगळं दिसतं, आणि मुख्य दार चढाच्या बाजूला! असा किल्ला कोण बांधेल? गुरं आत आणि लांडगे बाहेर, एवढंच त्या तटाचं काम असावं.

१८९४ मध्ये डार्टमूर एक्सप्लोरेशन कमिटीने इथे कुदळ लावली. पाद्री-लेखक सबाइन बेरिंग-गूल्ड आणि रॉबर्ट बर्नार्ड त्यातले पुढारी. चुली, स्वयंपाकाचे खड्डे, भिंतीलगतचे ओटे, कोळसा, चकमकीच्या दगडाचे तुकडे असं बरंच सापडलं. हाडं नाहीत, कारण इथली आम्ल माती हाडं खाऊन टाकते. ड्रुइड मागे पडले आणि घरं ही घरंच ठरली, हे या मंडळींचं श्रेय. पण काम उरकल्यावर त्यांनी पडक्या भिंती पुन्हा रचल्या, आणि आता मूळचा दगड कुठला आणि १८९४ चा कुठला हे सांगणं अवघड होऊन बसलं आहे. त्यावर टीका झाली, आणि ती रास्तच होती.

खरी कलाटणी १९७० च्या दशकात मिळाली, तीही मुख्यतः चालून आणि मोजून. पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू फ्लेमिंग यांनी घरांपेक्षा घरांच्या मधल्या जागेकडे पाहिलं. माळावर लांबच लांब पसरलेले दगडी बांध, ज्यांना तिथे ‘रीव्ह’ म्हणतात, लोकांना ठाऊक होतेच. जुन्या अभ्यासकांपैकी काहींना त्या वाटा वाटल्या होत्या. फ्लेमिंग यांनी ते सलग नकाशावर मांडले तेव्हा उलगडलं की ही समांतर आखलेली शेतं आहेत, दऱ्या ओलांडूनही दिशा न सोडणारी, हजारो हेक्टरांवर पसरलेली. काळ इ.स.पू. १६०० च्या आगेमागे. एकटी वाटणारी कितीतरी गोल घरं या आखणीत नेमकी बसली.

अशी मोजणी दिसते तेवढी सोपी नाही. नेच्याचं रान वाळून बसलेलं असतं तेव्हा, थंडीत, तिरप्या उन्हात माळावर जायचं. प्रत्येक घराच्या कड्याभोवती ढासळलेल्या दगडांचा पसारा असतो. बाहेरून टेप लावला तर घर नको तेवढं मोठं निघतं. म्हणून आतल्या अंगाचे, जमिनीत उभे रोवलेले दगड हुडकायचे आणि व्यास त्यांच्यामध्ये घ्यायचा. मग दार, बहुधा दक्षिणेला किंवा आग्नेयेला, जोराच्या वाऱ्याकडे पाठ करून. बांध येऊन घराच्या भिंतीला टेकतो की भिंत बांधावर चढते, हे सगळ्यात निरखून पाहायचं. आधी काय आणि नंतर काय, ते त्या सांध्यावर ठरतं. प्लेन टेबलच्या, म्हणजे जागेवरच नकाशा काढायच्या तिपाई फळ्याच्या, जागी टोटल स्टेशन हे अंतर आणि कोन मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं, मग जीपीएस, मग विमानातून लेसर सोडणारं लायडार. सांधा मात्र अजून गुडघे टेकूनच पाहावा लागतो.

मोजणीला काय दिसत नाही, ते डार्टमूरवरच्याच शॉ मूर या माळाने दाखवलं. चिनी मातीच्या खाणींचा पसारा वाढत होता म्हणून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुरातत्त्वज्ञ जेफ्री वेनराइट यांच्या पथकाने तिथे उत्खनन केलं. दगडी घरांभोवती तट होता, आणि त्या तटाला दारच नव्हतं. दगडी घरांच्या आधीच्या लाकडी बांधकामाच्या खुणा मिळाल्या. एका बांधालगतच्या चरात गुरामेंढरांच्या खुरांचे ठसे चिखलात उमटलेले तसेच होते. होल्न मूरवर फ्लेमिंग यांनाही लाकडी घरांचे अवशेष सापडले.

त्यामुळे ५,००० या आकड्यावरून लोकसंख्येचा हिशोब मांडू नये. काही कडी गोठ्यांची असतील, काही उन्हाळी चराईपुरती. सगळी एकाच वेळी नांदती नव्हती, आणि लाकडी घरं तर या यादीत धरलेलीच नाहीत. कार्बन-१४ ने काळ ठरलेली घरं त्यात अजून फारच थोडी आहेत.