नळीतली चरबी आणि टाचेचा दणका

रविवारी सकाळी दादरला मटणाच्या दुकानापुढे उभं राहिलं की दोन-चार गिऱ्हाइकांमागे एक जण हमखास म्हणतो, "नळी टाका हं, दादा." घरी ती रश्श्यातली नळी ताटाच्या काठावर आपटली की आतून पिवळसर, लोण्यासारखा मगज सुटतो. हा मगज म्हणजे बहुतांशी चरबीच. आपल्या मांडीच्या हाडातही तेच भरलेलं असतं. तान्ह्या बाळाच्या हाडांतला मगज, म्हणजे मज्जा, लाल असते, रक्त तयार करणारी. वय वाढतं तशी हातापायांच्या लांब हाडांत ती पिवळी होत जाते.

या मज्जेत एका जातीच्या मूळपेशी असतात. त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. एका वाटेने गेली तर त्या पेशीची हाड बांधणारी पेशी होते, ऑस्टिओब्लास्ट. दुसऱ्या वाटेने गेली तर चरबीची पेशी. कच्चा माल एकच, तेव्हा एकीकडे जास्त गेला की दुसरीकडे कमी पडतो. वाट ठरवणाऱ्या, बटणासारख्या कळांपैकी एक पीपीएआर-गॅमा नावाचं प्रथिन. स्निग्धाम्लं, विशेषतः हवेशी संयोग होऊन बिघडलेली, ही कळ चरबीच्या बाजूला दाबू शकतात. माणसांत याचा दाखला अनपेक्षित ठिकाणी मिळाला. मधुमेहावरची रोझिग्लिटाझोन ही गोळी नेमकी हीच कळ दाबते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ती घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हाडं मोडण्याचं प्रमाण जास्त निघालं.

हे सगळं मी वाचायला लागले ते माझ्या आत्यामुळे. गेल्या पावसाळ्यात ती रेल्वेच्या पुलाच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवर घसरली. पडताना कोणीही टेकवतं तसा तिने हात टेकवला आणि मनगट मोडलं. पुढे डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी, केलं तेव्हा टी-स्कोर उणे 2.7 आला. निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपली घनता किती, ते हा आकडा सांगतो. उणे 2.5 किंवा त्याखाली आला की अस्थिसुषिरता, म्हणजे हाडं ठिसूळ झाली असं धरतात. आत्याला ते पटेचना. "अगं, मी रोज शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारते, तेलातुपाला हात लावत नाही, गोळ्याही घेते. आणखी काय करायचं माणसाने?"

मी तिच्या दिवसाकडे नीट पाहिलं. काकांच्या हृदयाचं दुखणं निघाल्यापासून पंधरा वर्षं घरात कोरडी पोळी आणि उकडलेली भाजी. सकाळच्या चहाबरोबर मात्र बेकरीची खारी, रोज दोन-तीन. डॉक्टरांनी दिलेली 60,000 युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी ती रात्री झोपताना कोमट पाण्यातून घ्यायची, रिकाम्या पोटी. ड जीवनसत्त्व चरबीत विरघळतं. जेवणात थोडा स्निग्ध पदार्थ असला तर ते आतड्यातून चांगलं शोषलं जातं. दुपारच्या वरणभातावर चमचाभर तूप घेऊन त्याबरोबर पुडी घेतली असती तर तिचा अधिक उपयोग झाला असता.

तेलतूप बंद केलं म्हणजे हाडांचं भलं झालं, हा समज मला धोक्याचा वाटतो. अ‍ॅनोरेक्सिया या खाणं टाळण्याच्या मानसिक आजारामुळे जवळजवळ उपाशी राहणाऱ्या मुलींच्या अंगावर चरबी उरत नाही, पण त्यांच्या हाडांच्या मज्जेतली चरबी वाढलेली दिसते आणि हाडं विरळ होतात. दुसरं टोकही वाईटच. पोटाभोवती साचलेली चरबी दाह वाढवणारी रसायनं सोडत राहते आणि त्यांनी हाड कुरतडणाऱ्या पेशी, ऑस्टिओक्लास्ट, चेकाळतात. एकाच जेवणात तूप-लोण्यासारखी, थंडीत गोठणारी संपृक्त चरबी फार झाली तर ती आतड्यात कॅल्शियमला धरून त्याचा चक्क साबण करते, आणि ते कॅल्शियम शरीरात न जाता बाहेर पडतं.

म्हणून चरबी किती, याच्या जोडीने ती कोणती हेही विचारायला हवं. खारी, नानकटाई, फरसाण यांत पूर्वी सर्रास वापरलं जायचं ते वनस्पती तूप ट्रान्स फॅटने, म्हणजे तेल कारखान्यात घट्ट करताना तयार होणाऱ्या अपायकारक चरबीने, भरलेलं असे. 2022 पासून आपल्याकडे तेल आणि वनस्पती तुपात ट्रान्स फॅटची मर्यादा 2 टक्क्यांवर आणली, हे फार चांगलं झालं. कढईतलं तेल पुन्हापुन्हा तापवण्याचा प्रश्न मात्र नाक्यानाक्यावर आहे. तेल काळं पडतं, घट्ट होतं, त्याला फेस येतो, तोवर त्यातली स्निग्धाम्लं बिघडून गेलेली असतात. वर सांगितलेली कळ दाबणारी ती हीच.

मग ओमेगा-6 आणि ओमेगा-3, ही अन्नातूनच मिळवावी लागणारी दोन जातींची स्निग्धाम्लं. मुंबईत घरोघरी येणाऱ्या सूर्यफुलाच्या तेलात ओमेगा-6 भरपूर आणि ओमेगा-3 जवळजवळ नाही. ओमेगा-6 पासून शरीर प्रोस्टाग्लॅन्डिन ई-2 नावाचं रसायन बनवतं. ते थोडं असेल तर हाड बांधायला मदत करतं, फार झालं की हाड झिजवतं. ओमेगा-3 मिळतं बांगडा आणि तारलीसारख्या तेलकट मासळीतून. पापलेट महाग आहे म्हणून हाडांना जास्त चांगलं, असं मुळीच नाही; बाजारात स्वस्तात मिळणारी तारली इथे सरस ठरते आणि तिचे बारीक काटे चावून खाल्ले तर कॅल्शियमही पोटात जातं. शाकाहारी घरात जवस आहे. त्याच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-3 असतं, फक्त ते मासळीतल्या प्रकारात बदलायला शरीर फारसं तयार नसतं. एक गोष्ट स्पष्ट सांगते: प्राण्यांवरच्या प्रयोगांत ओमेगा-3 चा हाडांना फायदा ठळक दिसतो, माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. कॅप्सूलवर पैसे घालवण्याआधी हे माहीत असावं.

आता आत्याच्या शिवाजी पार्कच्या फेऱ्या. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला उत्तमच. हाडाला ते थोडं कमी पडतं आणि याचं कारण हाडाच्या आत आहे. हाडातल्या 90 टक्क्यांहून अधिक पेशी ऑस्टिओसाइट जातीच्या. चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी प्रत्येकीची एक अंधारी खोली, भिंती दगडी, बाहेर पडायची सोय नाही. पण भिंतींतून बारीक बोळ काढून त्या शेजारणींशी हात धरून असतात आणि त्या बोळांतून पाणी खेळत असतं. हाडावर दणका बसला की ते किंचित वाकतं, बोळांतलं पाणी सळसळतं आणि ऑस्टिओसाइटना कळतं की इथे जोर पडला. एरवी त्या स्क्लेरोस्टिन नावाचं रसायन सोडून बांधकाम रोखून धरतात. जोर पडला की तो हात आखडता घेतात, आणि मूळपेशी चरबीची वाट सोडून हाडाच्या वाटेला लागतात. म्हणजे ताटातली चरबी आणि पायाखालचा दणका एकाच चौकात येऊन भेटतात.

या पेशी सवयीला लवकर सरावतात. रोजची तीच चाल, तोच वेग, तर त्या दखल घेणं सोडतात. जपानी संशोधकांनी 1997 मध्ये दाखवलं की उंदरांनी दिवसाला फक्त पाच उड्या मारल्या तरी हाड जाड आणि मजबूत होतं. त्यापुढे उड्या वाढवून फार फरक पडत नाही. पोहणाऱ्यांची आणि सायकलपटूंची हाडं धावणाऱ्यांपेक्षा कमी भरीव आढळतात, कारण पाणी आणि सीट दणका झेलून घेतात. अंतराळात तर वजनच नाही. तिथे अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला 1 ते 1.5 टक्का घटतं. रजोनिवृत्तीनंतरच्या, हाडं विरळ झालेल्या 101 स्त्रियांवर ऑस्ट्रेलियात एक चाचणी झाली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, देखरेखीखाली, जड वजनं उचलणं आणि उड्या. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता 2.9 टक्के वाढली. हलका व्यायाम करणाऱ्या गटाची 1.2 टक्के घटली. साठीच्या बायकांना जड वजन उचलायला लावणं आपल्याकडे अजून धाडसाचं वाटतं, आणि मला याचं वाईट वाटतं. देखरेख मात्र हवीच: ठिसूळ मणक्यांनी कमरेतून वाकून वजन उचलणं म्हणजे मणका चेपण्याला आमंत्रण.

आत्या आता फिजिओथेरपिस्टकडे जाते. घरी सकाळी कुकर लावला की ओट्याला धरून टाचा उचलते आणि धपकन टेकवते, दहा वेळा. मग थांबते आणि संध्याकाळी पुन्हा दहा. मध्ये थांबलं की ऑस्टिओसाइट पुन्हा कान टवकारतात, हे तिला फार आवडलंय. खारी गेली, वरणावर तूप आलं, पुडी दुपारच्या जेवणाशी. बुधवारी बांगडा असतो. मार्गशीर्षात तो बंद झाला तेव्हा तिने लसूण घालून जवसाची चटणी कुटली, खलबत्त्यात, त्याच हाताने. जुनं हाड खणून तिथे नवं भरायला चार-सहा महिने लागतात, म्हणून पुढचं डेक्सा डॉक्टरांनी वर्षाने ठेवलंय.