तेलटाक्यांची फेस-अग्निशमन यंत्रणा

खनिज तेल, पेट्रोल, डिझेल अशा ज्वालाग्राही द्रवांच्या साठवण टाकीला आग लागल्यास जळत्या पृष्ठभागावर फेसाचा थर पसरवून ती विझवणारी यंत्रणा. तेल आगारांत व रिफायनऱ्यांत तिला ‘फोम सिस्टीम’ आणि तिच्या द्रावाला ‘फोम कंपाऊंड’ म्हणतात. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जाते. फेस मात्र वर तरंगतो, तेलाची वाफ कोंडतो, हवा तोडतो आणि त्यातून निथळणारे पाणी पृष्ठभाग थंड करते.

उगम : तेलाच्या आगीवर फेस वापरण्याचे श्रेय बहुतेक संदर्भग्रंथ बाकू येथील शिक्षक व अभियंता अलेक्सांद्र लोरान यांना देतात. बाकू हे तेव्हा रशियन साम्राज्यातील तेलविहिरींचे केंद्र होते. शोधाचे साल कोठे १९०२, तर कोठे १९०४ असे दिले जाते. ही तफावत बहुधा प्रयोगाचे साल धरायचे की पेटंटचे, यातून आली असावी. १९०२-०३ मध्ये प्रयोग आणि १९०४ मध्ये पेटंट असा क्रम मानणे सोयीचे आहे. ब्रिटनमध्ये १८७७ च्या सुमारास जॉन्सन या नावाने अशाच स्वरूपाची कल्पना नोंदवली गेल्याचा उल्लेख काही लेखक करतात व अग्रमान तिकडे देतात. कल्पनेची नोंद एवढाच निकष धरला तर ते मान्य करता येईल. पण तेलाची आग विझवण्याचे तंत्र म्हणून फेसाची सलग वाटचाल लोरान यांच्यापासूनच दिसते. बिअरच्या ग्लासातील फेस पाहून त्यांना ही कल्पना सुचली, ही गोष्ट दंतकथेच्या वळणाची वाटते.

लोरान यांचा फेस रासायनिक होता. सोडियम बायकार्बोनेट आणि ॲल्युमिनियम सल्फेट यांची द्रावणे एकत्र आली की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठत, आणि ते फुटू नयेत म्हणून ज्येष्ठमधाचा अर्क किंवा तत्सम पदार्थ घालत. मोठ्या टाकीसाठी दोन द्रावणांचे वेगळे साठे, वेगळे पंप आणि वेगळे नळ लागत. १९३० च्या दशकात हवा मिसळून यांत्रिक फेस करण्याची पद्धत आली, तसा हा पसारा हळूहळू मागे पडला. आजचा ‘फोम’ म्हणजे हाच हवेचा फेस. दोन्ही प्रकारांना एकच नाव राहिल्याने जुने अहवाल वाचताना गोंधळ होतो.

यांत्रिक फेसाचा पहिला प्रमुख प्रकार प्रथिनांचा. जनावरांची खुरे-शिंगे, रक्त यांतील प्रथिनांचे जलापघटन (पाण्याच्या साहाय्याने विघटन) करून केलेला हा दाट तपकिरी द्राव पिंप उघडताच वासावरून ओळखू येतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने वापरलेल्या सोयाबीन-फेसाचे जनकत्व पर्सी ज्युलियन या रसायनज्ञांना दिले जाते. त्यांनी सोयाबीनमधील प्रथिन वेगळे काढले आणि फेस दुसऱ्या कंपनीने त्यापासून तयार केला, असे म्हणणे अधिक नेमके होईल. १९६० च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने थ्रीएम कंपनीच्या साहाय्याने तेलावर पाण्याचा पातळ पापुद्रा धरणारा फेस (एएफएफएफ) विकसित केला. तो ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू नौकेवरील आगीनंतर शोधला गेला, असे वारंवार छापले जाते. ती आग २९ जुलै १९६७ ची आणि मूळ पेटंट १९६६ चे. त्या आगीने, ज्यात १३४ जण दगावले, या फेसाचा प्रसार वेगाने झाला, इतकेच म्हणता येते.

मात्रा : फेस किती ओतला यापेक्षा तो किती वेगाने ओतला, हे निर्णायक ठरते. आगीच्या उष्णतेने फेस सतत नष्ट होत असतो. नष्ट होण्याच्या वेगापेक्षा ओतण्याचा वेग कमी पडला, तर कितीही तास ओतूनही थर धरत नाही. भारतीय तेल उद्योगात स्थिर छपराच्या टाकीसाठी दर चौरस मीटरला मिनिटाला ५ लिटर फेस-द्रावण, तर तरंगत्या छपराच्या (तेलावरच तरंगून पातळीबरोबर वर-खाली होणाऱ्या छपराच्या) टाकीच्या कडेसाठी १२ लिटर असा हिशेब रूढ आहे. ४० मीटर व्यासाच्या स्थिर छपराच्या टाकीचा पृष्ठभाग सुमारे १,२५७ चौ. मी. भरतो. म्हणजे मिनिटाला सुमारे ६,२८० लिटर द्रावण, आणि ३ टक्के मात्रेने ६५ मिनिटांसाठी सुमारे १२,२५० लिटर फोम कंपाऊंड. त्याच व्यासाच्या तरंगत्या छपराच्या टाकीत फक्त कडेची ०·८ मीटरची पट्टी विझवायची असेल, तर २० मिनिटांसाठी सुमारे ७०० लिटर पुरते. आग कडेला असतानाच गाठण्यावर एवढा भर का असतो, हे या दोन आकड्यांवरून कळते.

यंत्रणा सुरू करणे : बटण दाबले की फेस आला, असे चित्र सर्वसामान्यांच्या मनात असते. प्रत्यक्षात ही कामांची साखळी असते. टाकीत येणारा व टाकीतून जाणारा माल आधी थांबवतात. हायड्रंटच्या (आगीच्या पाण्याच्या नळांच्या) जाळ्यातील दाब एरवी जॉकी पंप हा छोटा पंप राखतो. कोठेही पाणी उघडले की दाब उतरतो आणि मुख्य पंप आपोआप सुरू होतात. जळती टाकी व शेजारच्या टाक्या यांच्या अंगावर गारव्याच्या कड्यांतून पाणी सोडतात. त्यानंतर फोम-घरात त्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडतात. ब्लॅडर टाकीत कंपाऊंडच्या रबरी पिशवीभोवती पाणी शिरून ती दाबली जाते, आणि ९७ भाग पाण्यात ३ भाग कंपाऊंड मिसळते. हे द्रावण टाकीभोवतीच्या बांधाबाहेरून (डाईकबाहेरून) टाकीच्या अंगावरून वर चढते, जाळीतून हवा ओढून घेते आणि चारपासून आठपटीपर्यंत फुगते.

टाकीच्या माथ्याजवळच्या फोम चेंबरमध्ये काचेची पातळ चकती असते. एरवी ती तेलाची वाफ नळात उतरू देत नाही. द्रावणाच्या दाबाने ती फुटते, आणि फेस आतल्या भिंतीवरून अलगद उतरून तेलावर पसरतो. अलगद म्हणजे खरोखरच अलगद. उंचावरून आपटलेला फेस तेलात बुडतो, तेल माखून वर येतो आणि स्वतःच जळतो.

हाताने सुरू करण्याच्या पद्धतीत चुका होतात त्या साध्याच. ब्लॅडर टाकीचे पाणी उघडले जाते, पण कंपाऊंडचा व्हॉल्व्ह बंदच राहतो, आणि टाकीत नुसते पाणी जाते. कच्च्या तेलाच्या किंवा जड इंधनाच्या टाकीत तळाच्या पाण्याला उष्णतेची लाट भिडली की ते एकदम वाफ होऊन जळते तेल बाहेर फेकते. व्हेनेझुएलातील ताकोआ येथे १९ डिसेंबर १९८२ रोजी अशाच उसळीत दीडशेहून अधिक माणसे गेली. व्हॉल्व्हवरील टाकीक्रमांक पुसट झाल्याने शेजारच्या टाकीत फेस जाणे, ही दुसरी चूक. पुरेसे कंपाऊंड व पाणी जागेवर येण्याआधी हल्ला सुरू करणे, ही तिसरी आणि बहुधा सर्वांत महागडी. अर्ध्यावर साठा संपला की आधी ओतलेला सगळा फेस वाया जातो. फेस धरू लागलेल्या टाकीत पाण्याचा झोत मारला तरी तोच परिणाम होतो. न पेटलेल्या, पण छप्पर बुडालेल्या पेट्रोलच्या टाकीवर फेस मारताना स्थिर विद्युत् निर्माण होऊन आग लागू शकते, ही सूचना मात्र अनेक पुस्तिकांत सापडत नाही.

स्वयंचलित प्रकारात तरंगत्या छपराच्या कडेने उष्णता ओळखणारी तार फिरवलेली असते, किंवा छपरावरच नायट्रोजनच्या दाबाखाली तयार द्रावणाचे संच बसवतात. ते माणूस पोचण्याआधीच सुटतात.

घटना : अमेरिकेच्या लुईझियानातील नॉर्को येथे जून २००१ मध्ये सुमारे ८२ मीटर व्यासाची पेट्रोलची टाकी पूर्ण पेटली. फेसाचा खरा हल्ला सुरू झाल्यावर ती ६५ मिनिटांत विझली. ब्रिटनमधील बन्सफील्ड (११ डिसेंबर २००५) येथे एकूण ७,८६,००० लिटर कंपाऊंड व ६.८ कोटी लिटर पाणी लागले, आणि फेसातील रसायने भूजलात उतरली. जयपूरच्या सीतापुरा आगारात २९ ऑक्टोबर २००९ रोजी गळतीनंतरच्या स्फोटातच अग्निशमन यंत्रणा निकामी झाली. अकरा टाक्या जवळपास अकरा दिवस जळत राहिल्या. त्यानंतरच्या एम. बी. लाल समितीने दुरून चालवता येणारे व्हॉल्व्ह, वायुगळती ओळखणारी उपकरणे व लांब पल्ल्याचे मॉनिटर (पाण्याचा वा फेसाचा झोत फेकणाऱ्या तोफा) यांवर भर दिला. मुंबईजवळ जवाहर द्वीप (बुचर आयलंड) येथे ६ ऑक्टोबर २०१७ रोजी विजेमुळे डिझेलची टाकी पेटली व सुमारे तीन दिवस धुमसली. रस्ता नसलेल्या बेटावर जादा कंपाऊंड पोचवायचे, तर बोटीशिवाय उपाय नसतो.

भारतात या यंत्रणांचे मानदंड तेल उद्योग सुरक्षा संचालनालय ठरवते, तर परवान्यांचे काम नागपूरस्थित पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडे आहे. नागपुरातच राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही आहे.

चाचणी व बदल : चाचणीच्या वेळी चेंबरचा बाहेरचा भाग उघडून फेस टाकीबाहेर काढतात, म्हणजे मालात पाणी जात नाही. फेस किती पटीने फुगला आणि त्यातील पाव पाणी निथळायला किती वेळ लागला, हे मोजतात.

पापुद्रा धरणाऱ्या फेसातील पीएफओएस हे फ्लोरिनयुक्त रसायन निसर्गात विघटित होत नाही. टिकाऊ प्रदूषकांवर बंधने घालणाऱ्या स्टॉकहोम करारात ते २००९ मध्ये, तर पीएफओए हे त्याच गटातले रसायन २०१९ मध्ये समाविष्ट झाले. पर्याय म्हणून आलेले फ्लोरिनमुक्त फेस त्याच दराने ओतून पुरतात की नाही, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. मोठ्या टाक्यांच्या बाबतीत जास्त दर धरणाऱ्यांची बाजू वरचढ दिसते. इथेनॉल साध्या फेसातील पाणी शोषून तो मोडून टाकते. त्यामुळे इथेनॉलच्या टाक्यांना अल्कोहोलरोधी कंपाऊंड लागते. त्यातील झँथान गम फेस व द्रव यांच्यामध्ये चिकट पडदा धरतो. फेस तळातून आत सोडण्याची पद्धत इथेनॉलला किंवा तरंगत्या छपराला चालत नाही.