गुंतागुंतीचा विचार आणि मूलगामी बदल

गुंतागुंतीचा विचार, म्हणजे ज्याला सगळे सरसकट कॉम्प्लेक्सिटी थिंकिंग म्हणतात. नदी, बाजार, शहर, शेती यांच्यात प्रत्येक घटक बाकीच्यांवर सतत परिणाम करतो आणि कुणी वरून आखून न देता पूर्ण घडीच बदलत राहते, असं धरून प्रश्न समजून घ्यायची ही पद्धत. किचकट आणि गुंतागुंतीचं यात इथे फरक करतात. पाण्याची मोटर किचकट असते पण उघडून परत जोडता येते, कांद्याचा बाजार तसा जोडता येत नाही.

उगम कुठून धरायचा यावर एकमत नाही. पुष्कळ ठिकाणी 1984 हे साल सापडतं, कारण त्या वर्षी अमेरिकेत सांता फे इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र यांतली माणसं याच विषयासाठी एकत्र आली. पण अमेरिकन गणितज्ञ वॉरन वीव्हर यांनी 1948 च्या लेखातच प्रश्नांचे तीन गट पाडले होते: मोजक्या घटकांचे साधे प्रश्न, वायूच्या रेणूंसारखे विस्कळीत प्रश्न जिथे घटक अगणित असले तरी सरासरीवर भागतं, आणि सुसंघटित गुंतागुंतीचे, जिथे घटक एकमेकांत असे गुंतलेत की सरासरी काढून काहीच हाती लागत नाही. यंत्रं आणि सजीव स्वतःला कसं आवरतात याचा अभ्यास करणारं नॉर्बर्ट वीनर यांचं सायबरनेटिक्सही त्याच वर्षाचं. पुढे सुरुवातीचा बारीक फरक नंतर केवढा मोठा होतो हे दाखवणारं लॉरेन्झ यांचं हवामानावरचं काम 1963 चं, आणि समतोलापासून दूरही घडी आपोआप कशी बसते यावरच्या कामासाठी प्रिगोजिन यांना 1977 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल. हे सगळं बघता 1948 जास्त पटतं, वीव्हर यांचा तिसरा गट हाच आजचा विषय आहे आणि 1984 ला त्याला घर मिळालं एवढंच.

पर्यावरणाकडे हा विचार परिसंस्थांचे अभ्यासक होलिंग यांच्या 1973 च्या लेखातून आला, धक्का पचवून तगून राहायची निसर्गाची ताकद हा त्याचा गाभा. व्यवस्थांच्या अभ्यासक डोनेला मेडोज यांनी 1999 मध्ये मांडलं की कर आणि अनुदानाचे आकडे हलवून व्यवस्था फारशी बदलत नाही, नियम कोण करतं आणि व्यवस्था कशासाठी चालते हे बदललं तर बदलते. जैवविविधतेवरच्या आयपीबीईएस या मंचाने 2019 च्या अहवालात मूलगामी बदलाचा, म्हणजे व्यवस्था मुळापासून पालटण्याचा, अर्थ साधारण याच अंगाने घेतलाय.

नाशिक जिल्ह्यात याची उदाहरणं शोधत बसावी लागत नाहीत. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव चढला की पुढच्या हंगामाला सगळेच लागवड वाढवतात, माल एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो, आणि पोळ (खरीप), रांगडा (उशिरा खरीप), उन्हाळ (रब्बी) असा एकामागून एक कांदा येत असल्याने एका हंगामातली चूक दुसऱ्यावर जाऊन आदळते. 8 डिसेंबर 2023 ची कांद्याची निर्यातबंदी शहरातले दर आवरायला होती, त्याची झळ कांदा विकायला काढलेल्या शेतकऱ्याला बसली.

याउलट बागलाण तालुक्यात मोसम आणि आरम नद्यांवरची, गावाने मिळून पाणी वाटून घ्यायची फड पद्धत. तीनचारशे वर्षं जुनी असावी असं मानतात, काहीजण त्याहून मागे नेतात. बंधाऱ्यावरून पाट काढायचा, भिजणाऱ्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दरवर्षी फेरपालट. पाणी कमी पडलं तर एखादा फड कोरडा ठेवायचा, पण बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे तोटा एकट्यादुकट्यावर येत नाही आणि पाणी सोडणारा पाटकरी गावानेच नेमलेला असतो. हे जपायला हवं होतं. वर हरणबारी, केळझर धरणं झाली, विहिरी वाढल्या, ज्याचं त्याचं पाणी झालं आणि फड मोडत गेले.

दिंडोरीतल्या वाघाड धरणावर मात्र 1990 च्या सुमारास ओझरच्या समाज परिवर्तन केंद्र या संस्थेच्या पुढाकाराने पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या, बापू उपाध्ये आणि भरत कावळे ही त्यातली मुख्य नावं. पाणी मोजून घ्यायचं, वाटप शेतकऱ्यांनीच ठरवायचं. पुढे 2005 मध्ये राज्यात सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा झाला.