श्रद्धांजली राइड (नागपूर)

श्रद्धांजली राइड : रस्ते अपघातात गेलेल्या मोटारसायकलस्वाराच्या स्मरणार्थ त्याच्या सोबत्यांनी ठरलेल्या रस्त्यावर, ठरलेल्या क्रमाने आणि मुद्दाम संथ वेगाने काढलेली फेरी. ‘मेमोरियल राइड’ हे नाव पोस्टरवर असते. बोलताना गेलेल्याचे नाव लावून ‘अमक्याची राइड’ असेच म्हणतात. नागपूरकरांना बाइक रॅली नवी नाही. निवडणुकीपासून जयंतीपर्यंत झेंडे लावलेल्या, हॉर्न वाजवत जाणाऱ्या आणि बहुतांशी बिनहेल्मेटच्या रॅल्या शहर वर्षभर पाहते. श्रद्धांजली राइड दिसायला त्यांच्यासारखी असली तरी तिचे नियम नेमके उलटे आहेत.

ही प्रथा समजून घ्यायची तर आधी रविवारची राइड पाहावी लागते. जबलपूर, वर्धा, अमरावती, सावनेर-छिंदवाडा, काटोल, उमरेड असे रस्ते नागपुरातून चहूकडे फुटतात. रामटेक-खिंडसी किंवा सेवाग्राम हा अर्ध्या दिवसाचा बेत. पेंच, चिखलदरा, पचमढी हा त्याहून मोठा. समृद्धी महामार्ग नागपूरजवळच्या शिवमडक्यापासूनच सुरू होतो, पण त्यावर दुचाकींना बंदी आहे. त्यामुळे रायडर मंडळी ट्रक, एसटी, ट्रॅक्टर यांच्याच रस्त्यावर राहतात. पहाटे निघायचे, ऊन चढायच्या आत परतायचे आणि शहरात शिरल्यावर तर्री पोहे खाऊन पांगायचे, हा नेहमीचा क्रम. पुढे ‘लीड’, मागे ‘स्वीप’, मधे बाकीचे एक डावीकडे आणि एक उजवीकडे, अशी रांग असते. थांब्यावरून निघताना शेवटच्या स्वीपने अंगठा दाखवल्याशिवाय लीड गाडी हलवत नाही. माणसे मोजून नेणे आणि मोजून आणणे ही ग्रुपची पहिली शिस्त असते. अपघाती मृत्यू या मोजणीलाच लागतो, म्हणून ग्रुपच्या शोकात दुःखाइतकीच जबाबदारीची टोचणीही असते.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यांत 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. विदर्भातल्या रस्त्यांचे धोके ओळखीचे आहेत. रात्री दिवे न लावता उभा केलेला ट्रक, मागे रिफ्लेक्टर नसलेली कापसाची ट्रॉली, पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणून टाकलेली काळी माती, आणि पहाटे एकदम आडवे येणारे रोही किंवा रानडुक्कर. यात अतिवेग धरलेला नाही. तो नसतो म्हणून नव्हे. शोकसभेत त्याचा उल्लेख सहसा होत नाही म्हणून.

पहिला दिवस राइडचा नसतो, तो मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या आवारातला असतो. पंचनामा, शवविच्छेदन, कागदांवर नातेवाइकांच्या सह्या हे सगळे होईपर्यंत दहा-पंधरा पोरे राइडिंग जॅकेट काढून हातात धरून बाहेर उभी असतात. कोणी पाणी आणतो, कोणी पोलिसांना जागा समजावून सांगतो, कोणी गेलेल्याचा फोन सांभाळतो आणि तो वाजला की उचलायचा की नाही, हे त्याला ठरवता येत नाही. घरचे येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘सोबत कोण होतं?’ या प्रश्नाला तयार उत्तर नसते. घराच्या लेखी गाडीने मुलगा नेला आणि ही पोरे त्या गाडीच्या बाजूची. ग्रुपच्या लेखी तो आपलाच होता. अंत्ययात्रेत गाड्या आणायच्या की नाही, यावरून या दोन दुःखांत पहिली ठिणगी पडते. जाणती मंडळी गाड्या दूर लावून पायी घाटावर जातात. अंबाझरी असो की मोक्षधाम, चितेजवळ इंजिनचा आवाज घरच्यांना सोसवत नाही, हे त्यांना कळलेले असते. काही ठिकाणी मात्र सायलेन्सर काढलेल्या गाड्या घाटाबाहेर रेस करून ‘सलामी’ दिली जाते. ही रीत वाईट आहे. आवाज मोठा झाला म्हणून दुःख मोठे होत नाही, आणि ज्या आईला तो ऐकू जातो तिला त्यात सलामी ऐकू येत नाही.

प्रत्यक्ष राइड बहुधा तेरवीनंतरच्या रविवारी निघते. बौद्ध घरांत पुण्यानुमोदन, मुस्लिम घरांत चाळिसावा, असे घराच्या रीतीप्रमाणे दिवस मागेपुढे होतात. घरचे विधी उरकल्याशिवाय राइड काढू नये, एवढे सगळे पाळतात. जमण्याच्या जागा नेहमीच्याच : झीरो माइल, संविधान चौक, फुटाळा. झीरो माइलचा वालुकाश्माचा खांब आणि त्याच्याजवळचे चार घोडे यांच्यासमोर नागपूरच्या बहुतेक ग्रुपांनी कधी ना कधी फोटो काढलेला असतो. त्यामुळे गेलेल्याचाही एक फोटो तिथलाच निघतो आणि तोच मोठा करून लावला जातो. फोटोसमोर त्याचे हातमोजे आणि हेल्मेट ठेवतात. हेल्मेट जुने, घरी राहिलेले असते. अपघाताच्या वेळचे पोलिसांच्या मुद्देमालात असते. मागच्या बाजूला रक्तगटाचा स्टिकर असतो. झेंडूचा हार घालताना तो झाकला जाऊ नये म्हणून कोणीतरी हार थोडा वर सरकवतो.

रांगेत लीडच्या मागची एक जागा रिकामी ठेवतात. विमानदलांत मृत वैमानिकासाठी उडणाऱ्या तुकडीत एक जागा मोकळी सोडण्याची पद्धत आहे. मोटारसायकलवाल्यांनी ती तिथूनच उचलली. आकाशात हे सोपे असावे. वर्धा रोडवर ती जागा राखणे हेच त्या दिवसाचे सर्वात अवघड काम असते. दोन गाड्यांमधले अंतर दिसले की ऑटो त्यात घुसतो, मग एखादी कार, मग दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल. त्यांना काय ठाऊक ती जागा कोणाची! मागचा स्वार चिडत नाही, हॉर्न देत नाही. ऑटो निघून जाईपर्यंत वाट बघतो आणि पुन्हा तेवढेच अंतर सोडतो. बघ्यांना काहीच दिसत नाही, पण हात जोडून उभे राहण्याची त्याची ही रीत आहे. पहाटेची वेळ निवडण्यामागे उन्हाइतकेच हेही कारण असते.

वेग ताशी चाळीसच्या आसपास ठेवतात. बुलेटला तो मानवतो. मोठ्या वेगासाठी बांधलेल्या गाड्या मात्र इतक्या हळू चालवल्या की तापतात. त्यांचा पंखा सुरू होतो आणि गरम वारा पायावर येतो. दोन तास क्लच धरून पंजा भरून येतो. आयुष्यभर पुढच्याला मागे टाकायला शिकलेल्या पोरांकडून हे करवून घेणे सोपे नसते, आणि एखादा तरी मोकळा रस्ता दिसताच गाडी पिटाळतोच. त्याला पुढच्या थांब्यावर वडीलधारे कोपऱ्यात घेतात.

अपघाताच्या जागी जायचे की नाही, हा वादाचा मुद्दा आहे. महामार्गाच्या कडेला तीस-चाळीस गाड्या उभ्या करणे म्हणजे पुढच्या अपघाताची तयारी. त्यामुळे समजूतदार ग्रुप जवळच्या धाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर थांबतात. दोघे-तिघे पायी जाऊन किलोमीटरच्या दगडाला हार बांधून येतात. पाश्चात्त्य देशांत मेलेल्या सायकलस्वाराच्या जागी पांढरी रंगवलेली सायकल ठेवतात. तसे कायमचे स्मारक आपल्याकडे सहसा उभे राहत नाही. हार आठवड्यात वाळतो, पुढच्या पावसात दोराही जातो.

जबलपूर रस्त्यावर गेलेल्याची राइड अनेकदा रामटेकला वळते. अंबाळा तलावावर अस्थी विसर्जनासाठी नागपूर-भंडाऱ्याकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या येत आली आहेत. ज्या घाटाकडे पाहत रविवारी चहा प्यायचा, तिथेच मित्राची राख घेऊन आलेल्या घरच्यांच्या मागे उभे राहायची पाळी येते.

नोव्हेंबरचा तिसरा रविवार रस्ते अपघातांतील बळींच्या स्मरणाचा जागतिक दिवस आहे. ब्रिटनमध्ये 1993 साली तो सुरू झाला आणि 2005 साली संयुक्त राष्ट्रांनी त्याला मान्यता दिली. नागपुरात त्या सुमारास थंडी पडू लागते, राइडचा मोसम उघडतो. वार्षिक श्रद्धांजली राइडला याहून सोयीची तारीख सापडणार नाही.

ग्रुपच्या शोकाचा सर्वात उपयोगी भाग कागदांचा असतो आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही. गाडीच्या विम्यात मालक-चालकाचे 15 लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असू शकते, हे घरच्यांना बहुतेक वेळा माहीत नसते; पॉलिसी शोधून ते पाहावे लागते. धडक देणारे वाहन सापडलेच नाही तर सरकारी योजनेतून मृताच्या वारसांना 2 लाख रुपये मिळतात. 2022 पर्यंत ही रक्कम 25 हजार होती. वाहन सापडले तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावे लागते. हे फेरे मारायला आई-बापांसोबत कोणी जात असेल तर तो बहुधा ‘सोबत कोण होतं’ या प्रश्नाला त्या दिवशी उत्तर न देऊ शकलेला पोरगाच असतो. पुढे तो घरात ये-जा करू लागतो, काकूंच्या हातचा चहा घेतो. गाडीचा विषय दोघेही काढत नाहीत.

गाडी तोवर पोलीस ठाण्याच्या आवारात उभी असते. तपासणी होऊन ती सुटली, तर वारसाच्या नावावर करण्यासाठी आरटीओत नमुना 31 भरावा लागतो आणि त्याला तीन महिन्यांची मुदत असते. घरच्यांना ती नको असते. विकायची म्हटले तरी आधी नावावर करावीच लागते. म्हणून कित्येकदा वडील अर्जावर सही करतात आणि गाडी बघायला मात्र जात नाहीत. ग्रुपमधला कोणीतरी टेम्पो घेऊन ती आणतो, वाकलेले हँडल तसेच ठेवतो आणि आपल्या पार्किंगमध्ये कव्हर घालून लावतो.